पांढऱ्या चिठ्ठीचे डोहाळे

सिंधूला सातव्या महिन्यात क्रेनच्या बादलीत बसून वरणभात खायचे डोहाळे लागले. यात तिचा काही दोष नव्हता. डोहाळे सांगून येत नाहीत, आणि आले की कोणाची अब्रू बघत नाहीत. अडचण वेगळीच होती. डॉक्टरीणबाईंच्या डब्यातून तिनं जी चिठ्ठी उचलली ती पांढरी निघाली होती, आणि पांढऱ्या चिठ्ठीवालीचे डोहाळे पुरवायचे नाहीत असं ठरलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणजे वसुंधराबाई. नागपूरच्या, बोलायला गोड, कडक इस्त्रीचं पातळ, आणि पर्समध्ये कायम एक छोटा टॉर्च. भिलईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. आज जिथं मैदान तिथं उद्या चिमणी, अशी गत. गावोगावच्या सुना नव्या क्वार्टरांत येऊन पोटुशी राहत होत्या. संशोधनाला याहून चांगली जागा मिळायची नाही, असं वसुंधराबाईंना वाटलं. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, असं आपल्या आयाआज्या म्हणत आल्या. ते खरं की खोटं, हे त्यांना एकदाचं बघायचं होतं. त्यांचा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण न तपासता खोटं म्हणणं हे त्यांच्या शास्त्रात पाप होतं, जसं आपल्यात न निवडता तांदूळ नैवेद्याला लावणं.

म्हणून सेक्टर दोनमधल्या सगळ्या पोटुशी बायका त्यांनी दवाखान्यापुढच्या लिंबाखाली बोलावल्या आणि डालडाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पिवळी चिठ्ठी निघाली तर बाईला जे जे डोहाळे लागतील ते ते डॉक्टरीणबाई स्वतः पुरवणार. पांढरी निघाली तर चिंचेचं बुटुकसुद्धा मिळायचं नाही. बाकी लोहाच्या गोळ्या, दूध, तपासणी दोघींना सारखी. बाळं जन्मली की टॉर्च लावून सगळ्यांचे कान बघायचे. आणि कळा सुरू झाल्या की पिवळी असो वा पांढरी, जीप दारात येणार.

"मात्र पांढऱ्या चिठ्ठीवालीनं चोरून डोहाळे पुरवून घेतले," वसुंधराबाई म्हणाल्या, "तर तिचं नाव मला काढावं लागेल. मग जीपही नाही."

सिंधूनं नाव घातलं ते जीपसाठीच.

मागच्या खेपेला ती जुनवानीला भाड्याच्या खोलीत राहत होती. कळा आल्या, नवऱ्यानं, शालिकरामानं, धावतपळत बैलगाडी आणली, आणि गाडी निम्म्या वाटेत असतानाच बाळ झालं. झालं, पण रडलं नाही. गाडीवानानं बैल थांबवले. सासूनं, मैनाबाईनं, बाळाला उलटं धरलं, पाठ चोळली, कानात देवाचं नाव घेतलं. बैलांच्या गळ्यातले घुंगरू तेवढे वाजत राहिले. मैनाबाईचं म्हणणं होतं की त्या खेपेला सिंधूनं कवठ मागितलं आणि कवठाचे दिवस नव्हते, म्हणून लेकरू रुसून गेलं. सिंधूला वाटायचं, गाडीच्या जागी जीप असती तर. दोन्हींतलं खरं कोणतं, हे ती देवाला विचारत नसे. सकाळी न्हाऊन तुळशीला पाणी घालायची, पणती लावायची आणि एवढंच म्हणायची, "यंदा रडू दे."

आणि आता ही क्रेन.

क्वार्टरच्या मागल्या दारातून पाण्याची नवी टाकी बांधताना दिसायची. एका ठेकेदाराचं काम होतं ते. क्रेनच्या दोराला लोखंडी बादली लटकायची, चांगली पिंपाहून मोठी, त्यात काँक्रीट भरून वर जायची आणि रिकामी होऊन झुलत झुलत खाली यायची. सिंधू कपडे वाळत घालताना बघत राहायची. एक दिवस हातातलं लुगडं तसंच राहिलं आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

"आत्याबाई," ती आत येऊन म्हणाली, "मले त्या बादलीत बसून जेवावंसं वाटून राहिलं."

मैनाबाई तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "कोणत्या बादलीत?"

"त्या वरच्या. वरण, भात, तूप. अन् मिठाचं लिंबू."

"माय माय माय!" मैनाबाई म्हणाली. "लोकाच्या सुना झोपाळ्यावर बसतेत, नावेत बसतेत. हे कोणतं डोहाळजेवण काढलं वं तू?"

शालिकराम कारखान्यात खलाशी होता. झेंड्या दाखवून क्रेनवाल्यांना माल वर-खाली करायला सांगायचं त्याचं काम. संध्याकाळी त्यानं सगळं ऐकलं आणि हातपाय धुऊन शांतपणे म्हणाला, "हे पुरवता येत नाही, अन् पुरवाचंही नाही. दोन्हीकडून सुटलो आपण. वाढ जेवाले."

"सुटलो कावून?" मैनाबाई कडाडली. "कवठाच्या टायमालेही असाच सुटला होता तू!"

तो ताटावर मान खाली घालून बसला. सिंधूनं त्याला वरण वाढलं. डोहाळे पुरवले तर जीप जाते आणि नाही पुरवले तर बाळ रुसतं. दोन्ही बाजूंनी तोच रस्ता, तीच गाडी, तेच घुंगरू.

भिंतीला भिंत लावून रमा राहायची. नवरा श्यामराव टाइम ऑफिसात कारकून. रमालाही सातवाच महिना, आणि तिला पिवळी चिठ्ठी निघाली होती. पण देवाची करणी बघा, रमाला डोहाळेच लागत नव्हते. दर गुरुवारी वसुंधराबाई यायच्या, खुर्ची ओढून बसायच्या आणि आशेनं विचारायच्या, "काय खावंसं वाटतंय, रमाबाई?"

"काही नाही हो."

"चिंच? कैरी? भाजलेली माती? संकोच करू नका."

"खरंच काही नाही. पोळीभाजी खाते मी."

वसुंधराबाईंचा चेहरा उतरायचा. "जरा मनापासून प्रयत्न करा, रमाबाई," त्या निघताना म्हणायच्या. श्यामरावांनी जिलबी आणली, पेरू आणले, एकदा तर कुंभाराकडून कोरा माठ आणून तिच्यापुढे फोडला. रमानं खापऱ्या झाडून बाहेर टाकल्या आणि पदर डोळ्याला लावला. "सगळ्या बायकांना लागतात, मलाच कसे लागत नाहीत? मी काय तुमच्या ऑफिसातलं घड्याळ आहे का?"

हे रडणं भिंतीपलीकडे मैनाबाईनं ऐकलं. ती उठली, नारळ काढला, तांदूळ निवडले, हळदकुंकवाची कुयरी घासली आणि सिंधूला म्हणाली, "चाल. रमाची ओटी भराची हाय."

"मी भरू? मी पोटुशी, तेही पोटुशी. दोघींनी एकमेकीची ओटी भरू नये म्हणतेत ना जी?"

"म्हणतेत. पण कावून म्हणतेत, हे कोणाले मालूम हाय?" मैनाबाईनं इकडेतिकडे बघून आवाज खाली केला. "तिथं पदर बदलते. इच्छा इकडची तिकडे जाते. म्हणून भरू नये. आमाले तेच त पायजे."

रमाला पाटावर बसवलं. सिंधूनं तिच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि मैनाबाईनं सांगितलं तसं मनात म्हटलं, माझी बादली तुझ्या पदरात. रमाला कळेना. "मावशी, आज काय आहे? कोणतं व्रत?"

"आहे एक," मैनाबाई म्हणाली. "तू नारळ घट्ट धर."

गुरुवारी वसुंधराबाई आल्या. खुर्ची ओढली. आवाजात आता आशाही उरली नव्हती. "काय खावंसं वाटतंय?"

रमा खिडकीबाहेर बघत होती. "वरणभात," ती म्हणाली. वसुंधराबाईंनी घाईनं पेनाचं टोपण काढलं. "तूप घालून. मिठाचं लिंबू घेऊन. त्या क्रेनच्या बादलीत बसून."

पेन तसंच हवेत राहिलं.

"जमिनीवर बसून नाही का चालणार?"

"जमिनीवर बसून तर रोजच खाते, डॉक्टरीणबाई."

लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर न चढणारी ही रमा. पण वसुंधराबाई आपल्या शब्दाच्या पक्क्या. पिवळी म्हणजे पिवळी. त्या तशाच उठल्या, जीपमध्ये बसल्या आणि टाकीच्या कामावर जाऊन ठेकेदाराच्या मुकादमापुढे उभ्या राहिल्या. संशोधन हा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता, पण जीप त्याला कळत होती. रविवारी काम बंद असतं तेव्हा थोडा वेळ बादली मिळेल, तो म्हणाला, मात्र पुढच्या महिन्यात टाकीचं काम संपलं की क्रेन इथून जाईल.

इकडे सिंधूला हलकं वाटायला हवं होतं. पहिले दोन दिवस वाटलंही. मग मागल्या दारी कपडे वाळत घालताना तिनं क्रेनकडे बघितलं, आणि तिला काहीच वाटलं नाही. बादली म्हणजे बादली. लोखंड. तिनं पोटावर हात ठेवला. आत जे रोज लाथा मारायचं, कुशीवर वळलं की भांडायचं, ते गप्प होतं. दुपारी गप्प, संध्याकाळी गप्प. कधी तरी जरासं सरकल्यासारखं वाटायचं, तेवढंच.

तिनं वसुंधराबाईंना दाखवलं. त्यांनी लाकडी नळी पोटाला लावून बराच वेळ ऐकलं. "ठोके अगदी छान आहेत. बाळ जरा झोपाळू दिसतंय. आणि डोहाळे?"

"गेले जी."

"गेले? पूर्ण?" वसुंधराबाईंचा चेहरा खुलला. "उत्तम! फार उत्तम!"

त्या उत्तमनं सिंधूच्या अंगावर काटा आला. ती घरी आली ती थेट रमाच्या दारात.

"रमाबाई, माझी ओटी परत दे."

रमा मऊ गादीला टेकून बसली होती. शेजारच्या दोघीतिघी तिच्या क्रेनची चौकशी करायला आल्या होत्या. एकीनं तिच्यासाठी मोगऱ्याची वेणी आणली होती. "ओटी परत देतात का कुठे, सिंधू?"

"ते डोहाळे माझे होते."

"होते ना? आता माझे आहेत. मला आयुष्यात पहिल्यांदा काही लागलंय. तूच तर दिलेस."

"दिले, चुकलं माझं. नारळ फोडला का?"

"खोबऱ्याची बर्फी केली मी त्याची," रमा म्हणाली, आणि मग सिंधूचा चेहरा बघून तिचा आवाज बदलला. "अगं, काय झालं? बस. पाणी घे."

सिंधू उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "माझं लेकरू तुझ्या पदरात गेलं वाटते. हाललंच नाही काल."

रमानं केसातली वेणी काढली आणि उगीच मांडीवर ठेवली. पलीकडून मैनाबाई आली. तिला सगळं ऐकू आलंच होतं. तिनं दोघींकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि निवाडा दिला. "दिली ओटी परत घेता येत नाही. पण ताटात वाटा देता येते. एका ताटावर दोघी बसा. ज्याचं ज्याले, त्याचं त्याले भेटून जाईन."

रमानं लगेच वसुंधराबाईंना निरोप धाडला, की डोहाळ्यांत थोडी भर पडली आहे. बादलीत सिंधूही शेजारी हवी.

वसुंधराबाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. पांढरी चिठ्ठी पिवळीच्या बादलीत! पण डोहाळे रमाचे होते आणि ते पुरवणं भाग होतं. त्यांनी बराच वेळ टॉर्च लावला, विझवला. शेवटी म्हणाल्या, "सिंधूबाई बसू शकतात. एक बाई दुसरीच्या शेजारी बसली, एवढंच त्याला मी धरीन. पण घास तोंडात गेला, तर तो त्यांचा डोहाळा पुरला असं होईल. मग नाव काढावं लागेल. समजलं?"

"समजलं जी," सिंधू म्हणाली.

रविवारी टाकीपाशी अर्धा सेक्टर लोटला. मैनाबाईनं पहाटेपासून बादली घासली होती, आधी राखेनं, मग चिंचेनं. इतकी की ठेकेदाराच्या मुकादमालाही ती आपली वाटेना. कडेनं आंब्याचं तोरण, आत चटई, दोन पाट, मधे केळीचं पान, त्यावर वाफाळता भात, पिवळं वरण, तुपाची वाटी, मिठाच्या लिंबाची फोड. बादलीभोवती रांगोळी. क्रेनच्या आकड्याला हळदकुंकू. क्रेन चालवणारा केवलराम दुर्गकडचा, पापभीरू माणूस. त्यानं चपला काढून मगच खटक्याला हात लावला. "झन डरा बहिनी, मैं हंव न," तो रमाला धीर देत म्हणाला. झेंड्या दाखवायला शालिकराम स्वतः उभा राहिला. एका हातात हिरवी, एका हातात लाल. केवलराम त्याच्या झेंडीशिवाय इंचभर हलणार नव्हता, तो त्यांच्या कामाचा नेमच आहे.

बायकांनी ओवाळलं. हिरवी झेंडी वर गेली. बादली जमिनीवरून उचलली गेली.

त्याच क्षणी रमाचे डोहाळे उतरले. कुठे गेले देव जाणे. तिनं दोन्ही हातांनी साखळी धरली, डोळे मिटले, आणि वर पोचेपर्यंत "राम राम राम" याशिवाय एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. बादली टाकीच्या अर्ध्यावर जाऊन थांबली आणि हळूच झुलू लागली.

"जेवा आता!" मैनाबाई खालून ओरडली.

वरून काही हालचाल नाही.

"रमाबाई!" वसुंधराबाईंनी मुकादमाचा पत्र्याचा भोंपू घेतला. "सुरुवात करा! पाच घास पुरेत!"

"हात सुटत नाहीत हो!" वरून रमाचा आवाज आला.

"मग खाली घेऊ या," वसुंधराबाई शालिकरामाला म्हणाल्या. शालिकरामानं झेंडी उचलली, तोच मैनाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"खबरदार! पोटुशी बाई ताटावर बसवली का जेवण होईस्तोवर उठवाची नसते. त्यापरीस बसवलीच नसती त बरं. उठवते का मधातून?"

सगळ्या बायका, पिवळ्या आणि पांढऱ्या, एका सुरात म्हणाल्या, "नाही, नाही, उठवायचं नाही!" आणि खरं सांगायचं तर वसुंधराबाईही थांबल्या. अर्धवट पुरवलेले डोहाळे कुठे धरायचे? पुरवले म्हणायचे की नाही? त्यांच्या शास्त्रात अर्ध्या डोहाळ्याला जागाच नव्हती.

झालं. रमाला खाता येत नव्हतं, कारण हात सुटत नव्हते. सिंधूला खाता येत होतं, पण चालत नव्हतं. पान रिकामं झाल्याशिवाय खाली आणता येत नव्हतं. शालिकराम एक झेंडी उचलायचा, आईकडे बघायचा, खाली करायचा. दुसरी उचलायचा, डॉक्टरीणबाईंकडे बघायचा, तीही खाली करायचा. केवलरामानं इंजिन बंद केलं आणि देवाचं नाव घेऊन बिडी पेटवली. मुकादमानं विचारलं, "और कितना देर?" कोणालाच सांगता येईना. श्यामराव मान वर करून एवढंच म्हणत राहिले, "रमा, लिंबू तरी चाट. लिंबू."

वर वारा होता. सिंधूनं आधी कारखान्याकडे बघितलं, मग रुआबांध्याच्या वस्तीकडे, आणि मग नको असताना नजर तिकडे गेलीच. जुनवानीचा रस्ता. केवढा बारीक होता तो. इतका बारीक रस्ता संपता संपत नव्हता त्या दिवशी. रस्त्यावरून एक बैलगाडी चालली होती, मुंगीएवढी, आणि इतक्या लांबून तिचे घुंगरू ऐकू येत नव्हते. पहिल्यांदाच ऐकू येत नव्हते.

तुपाचा वास आला. पोटात कोणीतरी सणसणीत लाथ मारली.

"हाललं!" सिंधू ओरडली. "रमाबाई, हाललं! पाय लागला!"

रमानं डोळे किलकिले केले. "खरं?"

"पुन्हा! माय वं, भांडून राहिलं!" आणि लगेच ती भूक आली, मागल्या दारातली, तोंडाला पाणी सुटणारी. जशी गेली होती तशी, सगळीच्या सगळी. सिंधूचा हात आपोआप पानाकडे गेला. भातावर बोटं टेकली. मग तिनं खाली पाहिलं. झाडाखाली जीप उभी होती, काडेपेटीएवढी.

तिनं हात मागे घेतला आणि पदराला पुसला. लेकरानं आणखी एक लाथ मारली. तिनं पोटावर हात ठेवून म्हटलं, "थांब रे बाबा. तुह्यासाठीच थांबली."

रमा तिच्याकडे बघत होती. रमाचे दोन्ही हात साखळीला होते, नाकाचा शेंडा पांढरा पडला होता; पण वाईट वाटायला हात लागत नाहीत. तिनं मान खाली वळवली आणि जोरात हाक मारली, "डॉक्टरीणबाई!"

भोंपू वर झाला. "बोला!"

"मला नवे डोहाळे लागलेत!"

भोंपूतून प्रश्न आला, "कसले?"

"सिंधूला भरवायचे! माझ्या हातानं! सगळं पान!"

वसुंधराबाईंनी भोंपू खाली केला. पिवळीचे डोहाळे पुरवायलाच हवेत, हा त्यांचाच नेम. पांढरीचे पुरवायचे नाहीत, हाही त्यांचाच. दोन्ही नेम एका बादलीत बसून त्यांच्याकडे बघत होते. मैनाबाई हळूच त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "नेम माणसानं केलेला असला," ती नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाली, "त देव थोडा वाकवून घेते जी. मी सोळा सोमवार करतो, मले मालूम हाय."

"तुम्ही गप्प बसा हो, मावशी," वसुंधराबाई म्हणाल्या. पण भोंपू परत तोंडाशी गेला, आणि त्यातून आवाज निघाला तो भोंपूतून निघावा इतका मोठा नव्हता. "पुरवा."

आता एकच काम राहिलं होतं. रमाला हात सोडायचा होता. तिनं उजव्या हाताचं एक बोट सोडलं. मग दुसरं. बादली जराशी हलली तशी तिनं दोन्ही परत धरली. "नको," सिंधू म्हणाली, "राहू दे, रमाबाई." "तू गप. हे माझे डोहाळे आहेत," रमा म्हणाली, आणि डोळे मिटून हात एकदम सोडला. तो हात चाचपत पानात गेला, वरणभाताचा गोळा झाला, निम्मा चटईवर सांडला, निम्मा सिंधूच्या नाकाला लागला आणि उरलेला तोंडात गेला.

खाली बायकांनी टाळ्या वाजवल्या. केवलरामानं बिडी विझवून हात जोडले. तिसऱ्या घासाला रमानं डोळे उघडले. पाचव्याला ती म्हणाली, "आण इकडे, लिंबू मला दे." पान स्वच्छ झालं, सिंधूनं बोटानं पुसून दाखवलं, मैनाबाईनं मानेनं परवानगी दिली, आणि शालिकरामानं अशी झेंडी हलवली की पंधरा ऑगस्टलाही कोणी हलवली नसेल.

त्या दिवशी वसुंधराबाई सिंधूशी काही बोलल्या नाहीत. नाव काढलं की ठेवलं, तेही सांगितलं नाही. जीप गेली, धूळ बसली. सिंधूनं कोणाला विचारलं नाही. तिला उत्तराची भीती वाटत होती. पुढच्या महिन्यात क्रेन गेली. मग दिवस भरून रमाला मुलगी झाली. जीप आली होती, पण ती पिवळ्या चिठ्ठीवर आली होती. मुलीचे कान टॉर्च लावून पाहिले, शिंपल्यासारखे स्वच्छ होते. सिंधू रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची, आणि आता तिच्या एका वाक्याची दोन वाक्यं झाली होती. "जीप येऊ दे. अन् रडू दे."

एका सकाळी पणती लावतानाच तिला कळ आली. हातातली काडी तशीच विझली. शालिकराम धावत दवाखान्याकडे गेला. मैनाबाई दारात उभी राहिली, एक डोळा रस्त्यावर, एक डोळा कोपऱ्यावरच्या बैलगाडीवाल्याच्या घरावर. तिनं त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, सुनेला न कळता. सिंधू भिंतीला धरून उभी होती. तिला आधी काहीच ऐकू आलं नाही, मग घुंगरू वाजल्यासारखे वाटले, मग इंजिन.

वसुंधराबाई स्वतः पुढच्या सीटवर होत्या.

जीपमध्ये सिंधू रमाच्या आणि मैनाबाईच्या मधे बसली होती. रमा आपली मुलगी श्यामरावांच्या हातात कोंबून तशीच चढली होती. खड्ड्यात चाक गेलं की तिघी एकमेकींना धरायच्या. वसुंधराबाई मागे वळल्या. अडखळत म्हणाल्या, "सिंधूबाई, एक विचारायचं राहिलंय. मी खूप दिवस विचार केला. तुमचं बाळ मी कोणत्या बाजूला मोजू? पांढऱ्या की पिवळ्या?"

सिंधूला कळ आली. तिनं दोघींचे हात घट्ट धरून ती ओसरू दिली.

"कोणत्याही बाजूले मोजा जी," ती म्हणाली. "फक्त मोजा."

वसुंधराबाई समोर वळल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "जरा जल्दी चलाइए."

दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ लागला नाही. ऊन खिडकीत आलं होतं तेव्हा बाळ झालं. मुलगा. नर्सनं त्याला पुसलं, वसुंधराबाईंनी हातात घेतलं, आणि सवयीनं त्यांचा दुसरा हात टॉर्चकडे गेला. टॉर्च लागला. त्यांनी बाळाची मान हलकेच वळवली आणि कानावर उजेड धरला.

"थांबा जी," खाटेवरून सिंधू म्हणाली. आवाज एवढासाच होता. "आधी रडू द्या. मग कान पाहा."

वसुंधराबाईंनी तिच्याकडे बघितलं. टॉर्च विझवला, बाजूला ठेवला. बाळाला दोन्ही हातांत धरलं, पाठीवरून बोटं फिरवली, आणि पायाच्या तळव्यावर टिचकी मारली. दाराबाहेर मैनाबाईचं नामस्मरण थांबलं होतं.

मग तो रडला. असा रडला की बाहेर जीपमध्ये डुलकी घेत बसलेला ड्रायव्हर दचकून जागा झाला आणि त्यानं इंजिन सुरू केलं.